लिहिलं कधी, ठेवलं कुठं?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी वसमत तालुक्यात झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला दिलेला विषय 'लेखिकांशी संवाद' असा आहे. सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकीच एकीनं विचारलं, "ताई, आपल्या हिंगोली जिल्ह्यातली लेखिका कोण हो?" मला चटकन एकही नाव सांगता आलं नाही. मराठी साहित्यात एम. ए. केलेली बाई मी. हातातला चहा तसाच राहिला.

पुरुषांची नावं मात्र भराभर आठवली. नर्सी तर नामदेवांचीच. औंढा म्हटलं की विसोबा खेचर. आपल्याच काळातले घ्यायचे तर फ. मुं. शिंदे, कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरचे, २०१४ साली सासवडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची 'आई' ही कविता तुमच्या लेकरांना पाठ असेल. चांगलीच कविता आहे, माझा तिच्याशी काही वाद नाही. पण ती ऐकताना दर वेळी मनात येतं, की आपल्या भागातल्या एखाद्या आईनं 'मुलगा' या विषयावर लिहायला घेतलं असतं तर काय लिहिलं असतं? आणि ते तिनं कुठं लपवून ठेवलं असतं?

आजचं माझं सगळं बोलणं या 'कुठं'वर आहे. लेखिकेशी बोलायचं म्हणजे 'तुम्हाला प्रेरणा कशी मिळाली' हा प्रश्न ठरलेला असतो. पुरुष लेखकालाही तोच विचारतात. त्यातून बाईच्या लिहिण्याचं फारसं काही हाती लागत नाही. बाईला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. लिहिलं कधी? कशावर? घरात कोण होतं? लिहून झाल्यावर ठेवलं कुठं? पहिल्यांदा वाचलं कुणी? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुस्तक दुसऱ्यांदा वाचावं लागतं.

आपल्याकडं याची सुरुवात जनाबाईपासून करावी लागते. ती गंगाखेडची, म्हणजे शेजारचीच. आपला जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, त्याआधी परभणी आणि आपण एकच होतो. लहानपणी आईबापांनी तिला दामाशेटींच्या घरी ठेवलं, आणि दळण-कांडण, झाडलोट करत ती तिथंच राहिली, असं परंपरा सांगते. सुमारे साडेतीनशे अभंग तिच्या नावावर आहेत. नामदेवाच्या घरातल्या सगळ्यांनीच अभंग रचले असं म्हणतात, पण त्या घरातली किती नावं आपल्याला आठवतात? जनीचं आठवतं. ती रचना करायची कधी, हे तिनं स्वतःच सांगून ठेवलंय, दळताना आणि शेण्या वेचताना. म्हणजे 'कधी'चं उत्तर तिनं न विचारता दिलं. 'कुणी उतरवून घेतलं' याचं उत्तर आपल्याकडं नाही, नुसत्या कथा आहेत.

जनाबाईनंतर आपल्या भागात एवढी मोठी पोकळी का, याची एक बाजू तुम्हाला तुमच्या आज्यांकडून ठाऊक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरच्या शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू. मराठी शिकायचं तर मुलांनाही अडचण, मग मुलीचं कोण बघतो? पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली. आमच्या आजीला, त्यानंतर नव्वद वर्षांनीसुद्धा, अक्षर असं दाखवलंच गेलं नाही. पण ही एकच बाजू झाली. अक्षर आलं तरी सगळं मोकळं होतं असं नाही, हे पुढच्या उदाहरणावरून दिसेल.

सेनगाववरून रिसोडला गेलं आणि मेहकर, चिखली करत पुढं गेलं की बुलढाणा येतं. निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात, इंग्रजी अमलाखाली. तिथं ताराबाई शिंदे राहत होत्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेकडं विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, मग ती काळ्या पाण्यावर आणली गेली. वर्तमानपत्रांना विषयच मिळाला. 'पुणे वैभव'नं तर साऱ्या स्त्रीजातीलाच झोडपायला घेतलं. बुलढाण्याला घरात बसून ही बाई ते वाचत होती. तिनं उत्तर लिहिलं, 'स्त्रीपुरुष तुलना'. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. मूल मारलं ते बाईनं, मग ते पोटात आलं कुणामुळं, आणि तो पुरुष कुठल्या कोर्टात उभा राहिला? हा तिचा सवाल.

पुढं काय झालं? पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतिरावांनी 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. आणि मग शांतता. त्यांनी पुन्हा पुस्तक लिहिलेलं नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पुस्तक असं विसरलं गेलं की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा मराठी वाचकांना नव्यानं कळलं. मधली नव्वद-पंच्याण्णव वर्षं गेलीच.

या नव्वदपैकी पहिली अठ्ठावीस वर्षं ताराबाई जिवंत होत्या, बुलढाण्यातच. त्यांच्या घरी जाऊन "बाई, पुन्हा का लिहिलं नाही?" एवढं कुणी विचारून ठेवलं असतं तर? टीकेमुळं लिहिलं नाही? घरातून बंदी आली? की लिहिलं आणि चुलीत गेलं? आता आपण काहीही म्हणू शकतो. अभ्यासक लेख लिहितात, मीही एकदा लिहिला, पण तो सगळा अंदाज आहे.

दुसरं टोक बहिणाबाई चौधरींचं. जळगावकडच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. घरात, शेतात, जात्यावर रचत आणि म्हणत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि एका आप्तानं जमेल तेवढं कागदावर उतरवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ही गोष्ट फार गोड करून सांगितली जाते. मला ती थोडी भीतीदायक वाटते. मुलगा स्वतः कवी होता म्हणून आईचे शब्द त्याच्या कानात टिकले. तो कापसाचा व्यापारी असता तर? आणि जे कुणी ऐकलं नाही, ते किती असेल?

आता मी ज्या मुलाखतीसाठी हा विषय घेतला तिच्याकडं येते.

बेबीताई कांबळे. फलटणच्या. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन आधी १९८२ साली 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ साली पुस्तक झालं. महार समाजातल्या बायकांचं जगणं, भूक, बाळंतपणं, सासुरवास आणि बाबासाहेबांच्या हाकेनं आलेली जाग, हे सगळं त्यात आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आपल्या पेटीतून आजच घेऊन जा. पेटीत दोनच प्रती आहेत, भांडू नका.

२००८ साली माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आणि शेवटी बेबीताईंची मुलाखत जोडली. त्यात मी मघाशी म्हटले तेच साधे प्रश्न आहेत. बेबीताईंचं शिक्षण प्राथमिकच. घरी किराणामालाचं छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दी यायची, ती रद्दी वाचता वाचता वाचनाची गोडी लागली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचं, कुणी आलं की रद्दीखाली सारायचं. ज्या धुळीच्या कोपऱ्यात कुणाचा हात जाणार नाही तिथं वह्या ठेवायच्या. एक-दोन महिने नाही, वीस वर्षं. भीती घरच्यांची, सगळ्यात जास्त नवऱ्याची. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ बाईंशी ओळख झाली आणि त्यांच्यामुळं ते लिखाण बाहेर आलं.

पुढचं जरा नीट ऐका. 'जिणं आमुचं'मध्ये सुनांना होणारी मारहाण आहे, अंगावर काटा येईल अशी आहे. पण बेबीताईंचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. म्हणून त्यांना त्याबद्दल विचारलं गेलं, आणि त्या बोलल्या. नवरा संशयी होता, मारायचा. एकदा सभेला मुंबईला निघाले असताना गाडीच्या गर्दीत काही तरुण यांच्याकडं बघत होते, तर त्यानं एवढं मारलं की नाकातून रक्त आलं. हे त्यांनी पुस्तकात का लिहिलं नाही? त्यांचं म्हणणं असं, की हे साऱ्याच बायकांच्या वाट्याला येत होतं, माझं त्यात वेगळं काय? मी समाजाचं दुःख लिहायला बसले होते.

हे वाचून मी पुस्तक पुन्हा काढलं. सुनांच्या मारहाणीची पानं लिहिताना ती बाई दुकानात बसली आहे आणि आत नवरा आहे, हे आता कळत होतं. तेव्हा जे पुस्तकात आलं नाही, ते बोलण्यात आलं. कारण समोर विचारणारी बाई होती, आणि उत्तर ऐकून घेण्याची तिची तयारी होती. काही जण म्हणतील, लेखिकेनं जे मुद्दाम बाहेर ठेवलं ते उकरून कशाला काढायचं? प्रश्न बरोबर आहे. मला वाटतं, बेबीताईंनी ते छापायला संमती देऊन त्याचं उत्तर दिलं. पण प्रत्येक बाई ती देईलच असं नाही, आणि न देण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

हे मी आज शहाणपणानं सांगते आहे. माझ्या हातून काय झालं तेही सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गटाची हिशोबाची वही बघताना मागच्या पानांवर वेगळंच काही लिहिलेलं दिसलं. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं. कोयता, पालं, मुकादमाची उचल, फडात झालेलं बाळंतपण, धाकट्या दिरानं केलेला त्रास. लिहिणाऱ्या मावशी तिथंच बसल्या होत्या. चौथी शिकलेल्या. मी म्हटलं, "मावशी, हे तुम्ही लिहिलं?" त्या लाजल्या. "मव्हं काय ल्ह्यायचं, ताई. पानं उरली व्हती." मी ती पानं उतरवून घेतली आणि आमच्या एका विशेषांकात छापली. छापताना 'मव्हं'चं 'माझं' केलं. 'कव्हा'चं 'केव्हा' केलं. वाक्यं जोडून घेतली. दिराचा मजकूर गाळला, मावशींना त्रास होईल म्हणून. त्यांना न विचारता गाळला. आणि नाव सासरचं लिहावं की माहेरचं हेही विचारलं नाही. गटाच्या यादीत होतं तेच टाकलं.

अंक घेऊन मी मोठ्या आनंदानं त्यांच्याकडं गेले. वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "लई चांगलं हाये. पर हे मव्हं न्हाई." मी म्हटलं, "अहो, तुमचंच आहे." तर म्हणाल्या, "मव्हं आसतं तर त्यात त्यो आसता." त्यो म्हणजे दीर. त्यांना त्रास होईल म्हणून मी जे काढलं, तेवढं एकच लिहिण्यासाठी त्यांनी उरलेली पानं भरली होती.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. निदान मला दाखवलं नाही. ताराबाईंना कुणी विचारलं नाही म्हणून मी मघाशी हळहळले ना? मी तर विचारून बंद पाडलं.

भाषेचं तर मला आधीच कळायला हवं होतं. शांताबाई कांबळे यांचं आत्मकथन १९८६ सालचं, त्याच्या नावातच 'माज्या जल्माची चित्तरकथा' असं आहे. बाई शिक्षिका होत्या, 'माझ्या जन्माची' लिहिता येत नव्हतं असं नाही. बहिणाबाईंची खानदेशी कुणी पुणेरी केली असती तर आज कुणी वाचली असती का? मग आपल्या परभणी-हिंगोलीच्या बोलीचीच लाज कशाला?

तेव्हा या शिबिरातून आपण जे काम उचलणार आहोत, म्हणजे आपापल्या गावातल्या लिहिणाऱ्या, रचणाऱ्या बायकांशी बोलायचं, त्याबद्दल थोडं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. पुढं २००३ साली उर्मिलाताईंनी स्वतःचं 'आयदान' लिहिलं. आयदान म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या, त्यांची आई ती विणायची. आधी दुसऱ्या बायकांचं ऐकलं आणि मग स्वतःचं लिहिलं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ऐकल्यानं हात सुटतो.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांचं काम तर आपल्या अगदी जवळ आलेलं आहे. त्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. पूर्णेजवळच्या ताडकळसला १९९६ साली त्यांच्या गटानं गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या मुद्रित केल्या, त्यातल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या आज इंटरनेटवर त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. त्या संग्रहात ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव असतं. 'लोकसाहित्य' म्हटलं की बाईचं नाव पुसतं, तसं इथं केलेलं नाही. तुमच्या गावात एखादी आजी ओवी म्हणते तेव्हा आपण 'जुन्या बायका म्हणायच्या' असं म्हणतो. कोणत्या जुन्या बायका? नाव लिहा.

घरी गेलात की एक होईल. तुम्ही बाईला प्रश्न विचाराल आणि उत्तर तिचा मुलगा देईल. किंवा नवरा कौतुकानं सांगेल, "तिला कसली समज, मीच सांगतो." भांडू नका. चहा होऊ द्या, पुन्हा जा, तो नसताना जा. मोबाइलवर मुद्रण करायचं तर आधी विचारा, आणि तो मोबाइल घरातल्या कुणाच्या हाती पडणार नाही ना हेही बघा, कारण आपण निघून येतो आणि ती त्याच घरात राहते. लिहून झालं की तिला वाचून दाखवा. ती 'हे काढ' म्हणाली तर काढा. 'हे घाल' म्हणाली तर घालायची हिंमत ठेवा. दुसरं जास्त अवघड आहे.

कविता महाजन आठवते. नांदेडला १९६७ साली जन्मलेली, २०१८ साली गेली, वय फक्त एक्कावन्न. तिची 'ब्र' ही कादंबरी २००५ ची. संस्थेचं काम करणारी एक बाई सरपंच झालेल्या बायकांना, आदिवासी बायकांना भेटत फिरते, त्या बोलतात, ही ऐकते, आणि ऐकता ऐकता हिचं स्वतःचं आयुष्य हलतं. तुम्ही बायका हेच काम रोज करता. पंचायत राजच्या आरक्षणानंतर सरपंच झालेल्या किती जणी इथं बसल्या आहेत, हात वर करा. नऊ. 'ब्र'मध्ये तुम्ही आहात, एवढंच सांगते.

आणि लेखिका कुणाला म्हणायचं यावर कुणी अडवलं, तर शेजारचं यवतमाळ सांगा. जानेवारी २०१९ चं साहित्य संमेलन. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून ते आमंत्रण मागं घेतलं गेलं, तो वाद तुम्हाला आठवत असेल. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, नावावर पुस्तक नसलेली बाई. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. एका बाईचा आवाज बंद केला म्हणून दुसरीला माईक मिळाला, याचा मला अजून निखळ आनंद होत नाही. पण वैशालीताई जे बोलल्या ते सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं.

दुपारी आपण दोघी-दोघींच्या जोड्या करणार आहोत. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं, मग उलट. पहिला प्रश्न सगळ्यांना एकच, 'तू शेवटचं काही लिहिलंस ते कधी, आणि ते आत्ता कुठं आहे?' पत्र चालेल, हिशोब चालेल, सही न करता फाडलेला अर्जही चालेल.

आमच्या मावशी आज आलेल्या नाहीत. शिबिराचं सांगायला मी मागच्या आठवड्यात त्यांच्याकडं गेले होते. कोयता आता सुटलाय, गुडघे गेलेत. बोलता बोलता मी जुनी गोष्ट काढली आणि म्हटलं, "माझी चूक झाली मावशी. पुन्हा सांगाल का?" त्या बराच वेळ शेंगा फोडत बसल्या. मग म्हणाल्या, "तव्हा तू इचारलं न्हाईस, आता इचारतीस. बरं हाये. पर मी म्हन्ते तसंच ल्ह्यायचं. अन् लेक घरी नसताना ये." त्यांचा मुलगा गुरुवारी बाजाराला जातो. येत्या गुरुवारी मी जाणार आहे.